कोऱ्या कागदावरचं अंडं

एक अंडं नीट काढायला मला अख्खा पावसाळा लागला. हसू नका. पेन्सिल हातात धरून ज्यांनी कधी अंडं काढलेलं नाही, त्यांनाच ते सोपं वाटतं. नाक, डोळे, झाड, डोंगर, हे कसंही काढलं तरी खपून जातं. अंड्यात लपायला जागा नसते. आणि आमच्या घरात तर अंडं हा शब्दसुद्धा चालत नव्हता.

आमचं घर म्हसावदचं. केळी, ऊस, थोडी मिरची, एका अंगणात दोन भाऊ. थोरला माझा नवरा, तो पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात नोकरीला. धाकटा शेती बघतो. त्याची बायको म्हणजे माझी देराणी, माझ्याहून वयानं बरीच लहान. आणि या सगळ्यांच्या वर माझी सासू, जिच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही. देराणीला दोन मुलगे. मला काही नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, नाशिक झालं, सुरत झालं, नवस झाले, सगळं झालं. शेवटी लोकांनी विचारायचं सोडलं आणि ते विचारण्यापेक्षा वाईट निघालं.

मग देराणीला तिसऱ्यांदा दिवस गेले. तिला तिसरं नको होतं. त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे भाऊबंद अंगणात जमले होते, पितरांच्या घागरी पुजून झाल्या होत्या, पुरणपोळीची पंगत उठली होती. तेव्हा सासूनंच विषय काढला. म्हणाली, हिला दोन झालेत, तिसरं थोरलीच्या ओटीत घाला, म्हणजे बाहेरचं कोणी आणायला नको. आमच्याकडे ही जुनीच रीत आहे, भावाचं मूल भावाच्या घरी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी माझ्या देराणीकडे बघत होते, कारण पोट तिचं होतं. ती उठली, माझ्या पायाशी वाकली आणि सगळ्यांच्या देखत बोलली, "पोऱ्या व्हवो का पोर, जिजी, तुम्हना वटीमा टाकसू."

मी त्या दिवशी मागच्या गोठ्यात जाऊन रडले. आनंदानं रडायला मला कधी येत नव्हतं, त्या दिवशी आलं.

आता वाट बघायची होती आणि वाट बघणं मला जमत नाही. हात रिकामे राहिले की माझं डोकं उलटसुलट चालायला लागतं. झबली शिवून झाली, कुंच्या शिवून झाल्या, गोधडीला टाके घालून झाले. सासू म्हणायला लागली, अजून मूल आलं नाही तर किती कपडे करशील, नजर लागेल. म्हणून शिवण बंद केली. माझा नवरा रविवारीसुद्धा कारखान्यावर जायचा. त्यानंच सांगितलं की तिथल्या कॉलनीत एक रिटायर झालेले ड्रॉइंगचे सर आहेत, रविवारी पेन्सिलचा क्लास घेतात, मोठी माणसंही येतात. त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मी गेले. मनात असं होतं की मूल मोठं झालं की त्याला आपण चित्र काढायला शिकवू. बाकी मला काय येत होतं शिकवायला?

सर म्हणजे एक नमुना होता. वर्गात शिरल्या शिरल्या त्यांनी माझ्या हातातलं खोडरबर घेतलं आणि खिडकीतून बाहेर टाकलं. म्हणाले, चूक दिसू द्या, लाज वाटू द्या, मगच हात सुधारेल. पहिले काही रविवार फक्त रेघा. पेन्सिल ब्लेडनं तासायची, टोक लांब काढायचं, लिहिताना धरतो तशी धरायची नाही, मागे धरायची, आणि हात मनगटातून नाही तर खांद्यातून हलवायचा. माझी रेघ थरथरायची. सर माझ्या डोक्यावर उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे की बाईंची रेघ थंडीनं कुडकुडते आहे, कोणीतरी शाल द्या. पोरं खी खी करायची. मी चाळिशीला टेकलेली बाई, त्या पोरांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. कानशिलं तापायची, पण उठून गेले नाही.

मग गोल, मग लांबट गोल. आधी हवेत हात फिरवायचा, कागदाला टोक न लावता, आणि हात फिरता फिरताच हलकेच कागदावर टेकवायचा. एकच जाड रेघ ओढायची नाही. पुष्कळ हलक्या रेघा, एकीवर एक, त्यातून आकार आपोआप सापडतो. टू एच ची पेन्सिल, दिसेल न दिसेल अशी. आणि एक गोष्ट सरांनी अशी शिकवली की ती पुढे माझ्या जिवाला लागली. ते म्हणायचे, रेघ जिथे सुरू होते तिथे दाबलेली असते, जिथे संपते तिथे निसटते. कागद नीट बघितला तर हात कुठून कुठे गेला ते कळतं. उजव्या हाताची माणसं गोल काढतात तो डावीकडून खाली उतरतो. डावखुरा माणूस उलटा फिरतो. चेहरा लपवता येतो, म्हणायचे, हात लपवता येत नाही.

आणि मग अंडं. टेबलावर पांढऱ्या कापडावर पांढरं अंडं, एका बाजूनं खिडकीचा उजेड. डोळे बारीक करून बघा, म्हणायचे. उजेड कुठे, सावली कुठे, आणि सावलीच्या खाली कापडावरून परत वर येणारा तो पुसट उजेड कुठे. मी अंडं काढलं की सर विचारायचे हा बटाटा आहे का. दुसरं काढलं की विचारायचे, आता हे वांगं का? एकदा तर माझा कागद फाडला आणि म्हणाले, "तुम्ही बघत नाही, बाई. तुम्ही आधी ठरवता आणि मग ठरवलेलं काढता. ठरवून टाकलेल्या माणसाला काहीच दिसत नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण माणूस खोटं बोलत नव्हता.

घरी सराव करायचा तर अंडं हवं. आमच्या शेतात डोंगरातली एक बाई निंदणीला यायची, तिच्याकडे कोंबड्या होत्या. तिनं पदराच्या गाठीत बांधून मला एक आणून दिलं आणि मला काय रोग झालाय असं बघून निघून गेली. ते अंडं मी तांदळाच्या डब्यात लपवलं. दुपारी सासू पडली की मी आणि देराणी मागच्या खोलीत दार लोटून बसायचो. माझ्या हातात पेन्सिल, तिच्या हातात मोबाईलची बॅटरी, कारण तिथे खिडकीचा उजेड पुरत नव्हता. ती आपलं जड झालेलं पोट सांभाळत भिंतीला टेकायची आणि उजेड इकडे तिकडे हलवून सावल्या फिरवायची, मुद्दाम, मला चिडवायला. मी रागवले की आणखी हसायची. त्या दुपारी मला फार आवडायच्या. ते मूल तिच्या पोटात होतं आणि माझ्या मांडीपासून हातभर अंतरावर होतं.

एकदा तिनंच पेन्सिल मागितली. मलाही काढू द्या, म्हणाली. ती डावखुरी. सासूनं त्यावरून तिला उभ्या आयुष्यात बरंच ऐकवलं होतं. पूजेचं ताट तिच्या हाती द्यायची नाही, वाढायला लागली तर पळी हिसकावून घ्यायची. तिनं पेन्सिल मुठीत धरल्यासारखी धरली, जीभ दाताखाली घेतली आणि दाबून एक मोठा गोल ओढला. वर सुरू केला आणि उजवीकडून खाली उतरली. मी सरांचं ज्ञान पाजळलं. म्हटलं, तू उलटी फिरतेस गं, नुसता कागद बघूनसुद्धा कोणी ओळखेल की हे तुझं काम. तिनं तो कागद चुरगाळला आणि म्हणाली की तिचं सगळं उलटंच. दोघी हसलो.

सासूला एक दिवस पत्ता लागलाच. डब्यातलं अंडं तिच्या हाती आलं. तिनं ते मागच्या गटारात फेकलं, डबा घासायला लावला, तांदूळ गुरांना घातले. आणि मग अंगणात मिरच्या खुडायला बसलेल्या बायकांसमोर माझ्याकडे बोट करून म्हणाली, "सोताना पोटे काही व्हयनं नही, आते कागदवर अंडा देई ऱ्हायनी."

काय हसल्या बायका. एकीनं तर डोळ्याला मिरचीचा हात लावून घेतला हसता हसता आणि ओरडत नळाकडे पळाली. मला तेवढं समाधान मिळालं. मी गप्प राहिले, कारण मला गप्प राहायला कारण होतं. आणखी थोडे दिवस, मग माझ्या मांडीवर मूल असणार होतं, आणि मूल असलेल्या बाईला असं कोणी बोलत नाही.

नवरात्राच्या आधी देराणी शहाद्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. सासूनं तिथेच कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली की बरंच झालं, द्यायचीच होती ती पोर निघाली, पोऱ्या असता तर जीव तुटला असता. हे तिनं बाळंतिणीच्या उशाशी उभं राहून सांगितलं. मी मुलीला घेतलं. इतकी हलकी होती की हात कसे धरावे ते कळेना. मी देराणीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती मुलीकडे बघत होती. मला वाटलं थकली असेल. ठरवून टाकलेलं होतं ना मी सगळं.

पाचवीच्या दिवशी घरी धांदल उडाली. पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, हे तुम्हाला माहीत असेल. बाळाच्या उशाशी पाटा मांडतात, दिवा लावतात, कोरा कागद आणि लिहायला काहीतरी ठेवतात. बहुतेक घरांत पेन ठेवतात. आमच्या सासूचा हट्ट पेन्सिलीचा. का, तर पेनचं लिहिलेलं पुसलं जात नाही, वाईट काही लिहिलं तर पुढे देवाला सांगून खोडता तरी यावं. आणि कागद अगदी कोरा हवा, वहीचा रेघी नको. घरात कोरा जाड कागद एकाच ठिकाणी होता, माझ्या ड्रॉइंगच्या पिशवीत.

मी मात्र त्या कागदाला हात लावायचा नव्हता. पाचवीच्या वस्तूंना मूल नसलेल्या बाईचा हात चालत नाही, हा आमच्या घरचा नियम. चार दिवसांनी मी त्या मुलीची आई होणार होते, पण त्या संध्याकाळी माझा हात चालत नव्हता. सासूनं स्वतः पिशवीत हात घातला, एक कागद ओढला, डबीतली सगळ्यात जाड पेन्सिल घेतली. ती सिक्स बी होती, काजळासारखं उमटवणारी. सासूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी स्वयंपाकघरात पूजेच्या नैवेद्याचं बघत होते. रात्री बाळंतिणीच्या खोलीचं दार लोटलं, आत फक्त ती आणि बाळ.

सकाळी सासूच्या ओरडण्यानं घर जागं झालं. मी धावत गेले ती उंबऱ्यापर्यंत, आत जायची मला मनाई होती. सासूच्या हातात तो कागद होता, दाराच्या उजेडात धरलेला, आणि त्यावर एक मोठा काळा गोल होता. शेजारच्या बायका आत शिरल्या होत्या. सासू भिंतीला टेकून बसली. तिचं म्हणणं होतं की सटवाईनं पोरीच्या नशिबात भोपळा लिहिला. एका बाईनं तोंडाला पदर लावला. कोणीतरी रडायला लागलं. बाळ दचकून उठलं आणि तेही रडायला लागलं. त्या मुलीच्या आयुष्याला आत्ताच, पाचव्या दिवशी, हे शून्य चिकटणार होतं.

म्हणून मी बोलले. उंबऱ्यावरूनच. म्हटलं, सटवाईनं काही लिहिलेलं नाही, ते माझं आहे, ते अंडं आहे, परवा मीच त्या कागदावर आकार धरून ठेवला होता, तुम्हाला दिसला नसेल. आणि ते खरं होतं. पिशवीतल्या वरच्या कागदावर मी टू एच नं हलका आकार टाकून ठेवला होता. मला वाटलं आता सगळ्या हसतील आणि सुटका होईल.

सगळ्या माझ्याकडे वळल्या. सासूची भीती एका क्षणात उतरली आणि तिच्या जागी जे आलं ते मी आजही विसरलेले नाही. ती शांतपणे म्हणाली, "सटवाई उनी आन् फिरी गयी. लिखाले जागाच ठेयी नही इनी."

झालं. सटवाई आली, कागद भरलेला बघून परत गेली, मुलीचं नशीब लिहायचंच राहिलं, आणि ते राहिलं एका वांझेच्या हातामुळे. तो शब्द त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं बोलला गेला. एवढी वर्षं तो सगळ्यांच्या दाताआड होता. सासूनं गावातल्या एका जाणत्याला बोलावलं. त्यानं सांगितलं की कोऱ्या नशिबाचं लेकरू ओटी बदलत नाही, ज्या आईनं जन्म दिला तिच्याच मांडीवर ते राहू द्या, आणि तो कागद जाळू नका की फेकू नका. मला सव्वा महिना बाळाला शिवायची मनाई झाली. पुढे तो सव्वा महिना संपलाच नाही.

मी देराणीकडे बघत होते. तिला ठाऊक होतं की ते अंडं आहे. बॅटरी तिनंच तर धरली होती सगळा पावसाळा. तिनं एक शब्द बोलायचा होता, बास. ती मुलीला छातीशी धरून हमसून हमसून रडत होती, सगळ्या बायकांपेक्षा मोठ्यानं. माझ्यासाठी रडते आहे असं मला वाटलं, आणि एवढ्या अपमानात मला तिचीच दया आली.

पुढच्या रविवारी मी क्लासला गेले. घरात बसवत नव्हतं. समोर अंडं ठेवलेलं. मी काढत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. सर जवळ आले. म्हणाले, रडायचं असेल तर व्हरांड्यात जा, कागद ओला होतो. मग थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले की आज अंडं बसलं. तेवढंच. माझ्या आयुष्यातलं पहिलं बरोबर अंडं मी त्या दिवशी काढलं. घरी नेऊन कोणाला दाखवणार होते?

माझ्या नवऱ्यानं काय केलं, असं तुम्ही विचाराल. तो जेवला, कामावर गेला, परत आला, जेवला. एकदा म्हणाला की आपल्या नशिबात नव्हतं. त्याला नशीब बरं पडतं, भांडावं लागत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत सासूनं मला तिची पेटी उन्हात काढायला सांगितली. तिचे डोळे नुकतेच करून आणले होते, वाकायची मनाई होती. पेटीच्या तळाशी, कानबाईदेवीच्या पूजेच्या साडीखाली, तो कागद घडी घालून ठेवलेला. मी अंगणात बसून उघडला. ज्यानं आपलं एवढं वाटोळं केलं तो कागद एकदा जवळून बघावा म्हणून.

उन्हात सगळं लख्ख दिसत होतं. खाली माझा आकार होता, हलका, केसासारख्या रेघा, एका बाजूला जरा निमुळता, थोडा कललेला. अंडंच होतं ते, आणि चांगलं होतं. इतकं पुसट की दारातून कोणाला दिसणं शक्यच नव्हतं. मला दारातून दिसला होता तो हा नव्हताच. त्याच्या वरून दुसरी रेघ गेली होती. काळी, सिक्स बी ची, दाबून ओढलेली, कागदाच्या मागे उमटलेली. ती माझ्या आकारावरून नीट गेलीही नव्हती. निमुळतं टोक सोडून तिनं सरळ गोल करून टाकलं होतं. रेघ वर सुरू झाली होती, तिथे टोक रुतलं होतं. तिथून उजवीकडून खाली उतरली होती, डावीकडून वर आली होती, आणि सुरुवातीच्या जागेला ओलांडून निसटली होती.

उन्हानं डोकं दुखायला लागलं तेव्हा उठले.

देराणी आतल्या खोलीत मुलीला तेल लावत होती. पाय लांब करून, मुलगी पोटरीवर पालथी. मी आत गेले. मनाई होती तरी गेले. कागद तिच्यापुढे जमिनीवर पसरला आणि एवढंच म्हटलं, "हात उलटा फिरना तुन्हा."

तिनं नाकारलं नाही. तेलाचा हात तसाच मुलीच्या पाठीवर राहिला. मी थांबले होते की ती पाया पडेल, शपथा घालेल, सासूला सांगू नका म्हणेल. तिनं मान वर केली. डोळे कोरडे. म्हणाली, "मन्ही शे ती, जिजी."

माझी आहे ती. बस, तेवढंच. विचार करा. सटवाईवर जिचा एवढा विश्वास की दोन्ही मुलांच्या पाचवीला रात्रभर डोळा मिटला नव्हता, त्या बाईनं दिव्याच्या उजेडात स्वतःच्या लेकीच्या नशिबावर स्वतःच्या हातानं शून्य ओढलं. मुलगी हातची जाऊ नये म्हणून. आणि कागद माझा, खालचं अंडं माझं, म्हणजे दोष माझ्यावर येईल हे तिला पुरतं ठाऊक होतं. आखाजीला ती सरळ नाही म्हणाली असती तर मी चार दिवस रडले असते आणि उठले असते. मुलगी झाल्यावर जिजी, नाही देववत, असं म्हणाली असती तरी मी कदाचित समजून घेतलं असतं. तिनं मला वांझ ठरवून मुलगी ठेवून घेतली. लोक म्हणतात आईचं काळीज. असेल. माझ्या मनात त्या घटकेला तिच्याविषयी कणभर दया आली नाही आणि पुढेही आली नाही. खोटं कशाला बोलू.

मी कागदाची घडी घातली आणि घेऊन गेले. पेटीत परत ठेवला नाही. सासूला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं? तिला माहेरी धाडलं असतं, आणि मुलगी जन्मभर अशी वाढली असती की जिच्या आईनंच तिच्या कपाळी शून्य लिहिलं. माझ्या ओटीत तर ती तरीही आली नसती. आणि दुसरंही कारण होतं. एकदा सांगून टाकलं की देराणी मोकळी झाली असती. रडली असती, मार खाल्ला असता, शिक्षा भोगली असती आणि मोकळी. मला ती मोकळी व्हायला नको होती.

सासू आता नाही. ती गेल्यावर घरात मला कोणी काही बोलेनासं झालं. मुलगी शाळेत जाते. रविवारी सकाळी माझ्याकडे येते, पेन्सिलीची डबी घेऊन. पहिल्यांदा मीच बोलावलं होतं, अंगणात, सगळ्यांसमोर. म्हटलं, हिला रविवारी माझ्याकडे धाडत जा, चित्र शिकवते. देराणीचं तोंड पांढरं पडलं. नाही म्हणायची तिची छाती झाली नाही, आणि होणारही नाही. मुलगी मला मोठी माय म्हणते. माझ्या गळ्यात पडते. ते खरं असतं, मला कळतं.

मुलगी आईसारखी डावखुरी आहे. मी तिला खोडरबर देत नाही. खांद्यातून हात हलवायला शिकवलं, हवेत फिरवून मग कागदावर टेकवायला शिकवलं. आता आमच्याकडे अंड्याला कोणाची मनाई नाही. मी बशीत पांढरं कापड घालून अंडं ठेवते, खिडकी उघडते. तिची आई दर रविवारी काहीतरी निवडायचं सूप घेऊन माझ्या दारात येऊन बसते. मी तिला ये म्हणत नाही, जा म्हणत नाही.

गेल्या रविवारी मुलीचं अंडं पहिल्यांदा जरा अंड्यासारखं झालं. तिला म्हटलं, आता रेघ कशी वाचायची ते सांगते. जिथे दाब आहे तिथे सुरुवात, जिथे निसटते तिथे शेवट. बघ, तू वरून निघालीस आणि उजवीकडून उतरलीस. मी काढते ती डावीकडून उतरते. तिचा आणि माझा, दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवले. ती फार हुशार आहे. पुष्कळ वेळ वाकून बघत राहिली, बोट रेघेवरून फिरवत राहिली. मग मला विचारलं, "मंग कोणी काढं ते समजी जास का?"

दारातलं सूप पाखडायचं थांबलं. मी तिकडे बघितलं नाही. माझं कपाट मुलीच्या पाठीमागेच होतं, आणि वरच्या खणात, साड्यांच्याही वर, तो कागद आहे. चावी माझ्या कमरेला असते.

"समजी जास," मी म्हटलं. आणि तिच्यापुढे दुसरा कोरा कागद ठेवला.